लुगडं नेसलेला नायक

धनराजनं माझ्या कादंबरीवर आधी पाणी सांडलं आणि मग मत दिलं. दोन्ही न विचारता.

पवनीहून कोंढ्याला येणारी दुपारची एसटी होती. मी खिडकीशी, मांडीवर कागद. पवनीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी कामाला आहे. फसलेल्या प्रती मालक मला घेऊ देतो, त्यामुळे माझी कादंबरी लोकांच्या रेशनकार्डाच्या अर्जांच्या पाठीवर चालली होती. वर सामानाच्या जाळीत कुणीतरी ओल्या शिंगाड्यांचं पोतं टाकलेलं. वळणावर गाडी कलली आणि तळ्याचं हिरवं पाणी थेट माझ्या नायिकेच्या डोक्यावर आलं. थेंब नव्हे, धार.

"पोतं कोनाचं हाय?"

मागच्या सीटवरून एक पोट्टा उठला. सावळा, मानेपर्यंत केस, आणि भुवया... कोरलेल्या. एवढ्या नीट की माझ्या मला लपवाव्याशा वाटल्या.

"माहं. सॉरी मॅडम. द्या इकडे, सुकवून देतो."

मी नको म्हणायच्या आत त्यानं कागद घेतले आणि एकेक पान खिडकीच्या वाऱ्यात धरायला लागला. धरता धरता वाचायलाही लागला.

"ही अनन्या कोन?"

"नायिका."

"आठ पानं झाली. ना जेवली, ना घामेजली, ना कोनावर चिडली. नुसती खिडकीतून पाहून राहिली. बिमार हाय का?"

पुढच्या सीटवरच्या दोन बाया खुदकन हसल्या. माझे कान तापले.

"ती पुण्यात राहते," मी म्हटलं.

"तुमी गेल्या कधी पुन्याले?"

"नाही."

"तरीच." त्यानं पान उलटं केलं. "मागच्या बाजूचा मानूस बरा हाय. धंदा शेतमजुरी, अपत्यं पाच. याच्यावर लिवा ना."

मी कागद ओढून घेतले. तो कोंढ्याच्या एक थांबा अलीकडे, ढिवरांच्या टोल्यावर, म्हणजे मासेमारांच्या वस्तीवर उतरला. पोतं खांद्यावर घेताना वळून म्हणाला, "अनन्याले सांभाळा." आणि हसला. वाईट म्हणजे, छान हसला.

राग त्याचा नव्हताच. तो खरं बोलला होता, राग त्याचा होता.

मागच्या वर्षी एका लेखन शिबिरात मी माझ्या आईवर लिहिलेली चार पानं वाचली होती. तिथले सर चष्मा पुसत म्हणाले, "बोली संवादापुरती ठीक असते. तुम्ही आधी भाषा सुधारा, मग कादंबरीचं बघू." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आजही ती मान आठवली की मुरगळावीशी वाटते. त्या दिवसापासून मी शुद्ध लिहायला लागले, आणि अनन्या जन्मली. शुद्ध, गोरी, उपाशी.

त्यात घरात वेगळंच चाललं होतं. बाबा, म्हणजे यादोराव, निवृत्त लाइनमन. खांबावर चढलेला माणूस, त्यामुळे सगळ्यांकडे वरूनच बघतात. त्यांनी ठरवलं होतं की पोरगी पंचवीसची झाली, आता बस. भांडून भांडून मीच शब्द दिला होता. दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत थांबा. तोवर माझ्या कादंबरीत मलाच जीव दिसला नाही, तर मंडईला मामा ज्या पाहुण्याला आणेल त्याला मी हो म्हणेन. आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा. धान निघायच्या सुमारास पै-पाहुणे जमतात, सोंगं-नाचगाण्यांची दंडार बघतात आणि अर्ध्या तालुक्याची लग्नं तिथंच ठरतात.

शब्द दिला तेव्हा वाटलं होतं, खूप वेळ आहे.

दोन दिवसांनी धनराज दुकानात उगवला. आधार कार्डाची एक प्रत काढायला. आणखी दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"इतक्या प्रतींचं करते काय तू?" मी विचारलं.

"चिपकवतो."

"कुठं?"

"ते... भितीले. ओल येऊन राहिली." आणि स्वतःच हसला. "अनन्या जेवली का?"

"तुले काय करायचं?" आणि मग एवढे दिवस जिभेवर असलेलं विचारूनच टाकलं. "तू भुवया काहून कोरते?"

तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "दंडारीत बाई होतो ना मी. श्यामलालची पार्टी. माहे बाबाच हायेत. ते नवरा, मी बायको."

मला आठवलं. गेल्या मंडईत हिरव्या लुगड्यातली, कमरेला झटका देत नाचणारी ती उंच बाई. दंडारीत बायांची सोंगं पुरुषच घेतात, त्यात नवल नाही. पण बाप नवरा आणि पोरगा बायको, हे मला नवीन होतं.

"तो तू होता? लय भंगार करते."

त्याचं हसू पडलं. पहिल्यांदाच. मला बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटेना.

"भंगार म्हन्जे?"

"तुह्या दंडारीतली बाई कमर हलवते आन् नवऱ्यासाठी रडते. तिले दुसरं कामच नाही. नावसुद्धा नाही. पाटलाची बायको, नाहीतर रामजीची बायको. तू माह्या अनन्याले बिमार म्हनलं. तुही बाई तर मेलेली हाय."

मला वाटलं, गेला. तर तो हळूच म्हणाला, "मग तू लिहून दे ना. मंडईसाठी. तू लिव, मी बोलतो. तू माही बाई जिवंत कर, मी तुही अनन्या पाहतो."

"तू कोन माही अनन्या पाहनारा?"

"वाचनारा," तो म्हणाला. "आतापर्यंत दुसरा कोन हाय?"

खरं बोलायची वाईट खोड होती त्याला.

तालीम तळ्याच्या पाळीवर, चिंचेखाली, दुपारची. खाली पाण्यावर शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा गालिचा, त्यात त्याची आई यशोदाबाई डोंग्यात बसून शिंगाडे तोडत असायची. श्यामलालकाका ढोलकी मांडीवर घेऊन. धनराज डोक्यावर दुपट्ट्याचा पदर घेऊन उभा.

"चालून दाखव," मी म्हटलं. "रोवण्यातून घरी चालली बाई."

तो कमर हलवत चालला.

"दिवसभर चिखलात वाकून धान रोवलं तिनं. तिची कमर हलत नाही, दुखते. एकदम सरळ होता येत नाही तिले. अशी..." मी चालून दाखवलं. गुडघ्यावर हात, मग मांडीवर, मग कमरेवर, मग कुठं मान वर. आईला आयुष्यभर तसं उभं राहताना पाहिलं होतं. मला ते येतं हे मलाच माहीत नव्हतं.

त्यानं केलं. चुकलं. मी त्याचं मनगट धरून कमरेवर ठेवलं. बोटांवर शिंगाड्याच्या काट्यांचे बारीक ओरखडे, चिखलाचा नि पाण्याचा वास. दोघंही जरा जास्तच वेळ तसेच राहिलो.

"तृप्ती..."

"काय?"

"ते... म्हन्जे..." त्यानं तळ्याकडे पाहिलं. "पदर बरोबर हाय का?"

"बरोबर हाय."

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला हा माणूस ह्या एका गोष्टीवर येऊन अडकायचा. मग खाली बसून कोवळा शिंगाडा दातानं फोडायचा, पांढरा गर काढायचा आणि माझ्याकडे न बघता माझ्या तळहातावर ठेवायचा. मी खायचे. गोड लागायचा. अनन्यानं असं काही कधी खाल्लं नव्हतं.

सोंगात काय बोलायचं ते मला घरीच सापडलं. बाबा अंगणातून ओरडले, "अवं, पानी आन." आई पाणी घेऊन गेली. मी मोजत बसले नव्हते, पण माझ्या आठवणीत बाबांनी तिला कधी विमल म्हटलेलं नाही. अवं. ऐकलं का. तृप्तीची आई. कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं. रोवण्यातून घरी आलेली बाई नवऱ्याला म्हणते, जेवायला वाढते, पण आधी माझं नाव सांग. आणि नवऱ्याला ते आठवत नाही. तो अंदाज घेत बसतो.

धनराजनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय झालं? नाही जमलं?"

"जमलं," तो म्हणाला. "अनन्याले सोड तू. ही धर."

"हे सोंग हाय. कादंबरी नाही."

"मले समजत नाही फरक." कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवत तो म्हणाला, "मले एवढंच समजते का, हे वाचून मले माही माय दिसली. त्या अनन्यानं मले खिडकी दाखवली फक्त."

मी भांडले. कादंबरी अशी बोलीत होत नसते, सर म्हणाले होते, वगैरे. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "कोनते सर? त्यायले रोवना येते का?" मला हसू आलं, पण पटलं नाही. शिबिरात हलवलेली ती मान अजून सरळ झाली नव्हती.

मंडईच्या दिवशी पाहुणा आला. मामानं आणलेला. पगारदार, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सभ्य. शामियान्यात आम्ही एका रांगेत बसलो. मी, आई, बाबा, मामा आणि तो. भजी, फुगे, धूळ, मधेच उसाच्या रसाच्या चरकाची घुंगरं.

"तुम्ही लिहिता म्हणे," तो म्हणाला. "छंद चांगला आहे. लग्नानंतर वेळच वेळ असतो."

"कोनाले?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. अनन्या तीस पानांवर मरून पडली होती, आणि मी शब्द दिलेला होता.

ढोलकी वाजली. धनराज आला. हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळाला मोठं कुंकू. लोकांनी सवयीनं शिट्ट्या मारल्या. तो वाकून उभा राहिला. गुडघ्यावर हात, मग मांडीवर, मग कमरेवर. शिट्ट्या बंद पडल्या. मागं, बायांच्या बाजूला, कुणीतरी "अगो माय" म्हटलं.

"जेवाले वाढ," नवरा झालेले श्यामलालकाका म्हणाले.

"वाढतो. आधी माहं नाव सांगा."

"नाव? अवं... तुहं नाव... अवं."

"अवं माहं नाव नाही. कोंबडीलेही अवं म्हनता तुमी."

हशा. नवरा अंदाज घ्यायला लागला. गंगा? नाही. भागरथी? ती तुमची भैन. सखू? ती तुमची म्हैस. लोक लोळायला लागले. मी लिहिलेल्या यादीत अजून चार नावं होती. पण हशा एवढा उसळला की काका विसरले. डोळे मोठे केले, तोंड उघडलं, आणि घाबरून जे पहिलं आलं ते बोलून गेले.

"यशोदा."

माइकवर. साऱ्या गावासमोर.

धनराज नथीसकट थिजला. नवऱ्याला नाव सापडायचंच नव्हतं, सोंग त्यावरच होतं. बायांमध्ये बसलेल्या यशोदाबाईनं पदर तोंडावर ओढला. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, बाजूच्यांनाही कळेना. पस्तीस वर्षांच्या संसारात ती तिचं नाव नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती, हे टोल्यावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

धनराज सावरला. कागदावर नसलेलं बोलला, अगदी हळू. "सापडलं तुमाले. बसा, वाढतो."

मग मागून एक म्हातारी उठली. मंदाबाई, भाजी विकणारी. गर्दीतून वाट काढत माइकवाल्याजवळ गेली, हातात दहाची नोट. आमच्या दंडारीत सोंग आवडलं की बक्षीस देतात आणि देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात. देते बाई, पुकारतात नवऱ्याचं. रीतच तशी.

"नवऱ्याचं नाव सांग, बुढे," माइकवाला म्हणाला.

"तो मेला. जिवंत होता तवा एक रुपया नाही देल्ला त्यानं," मंदाबाई म्हणाली. "मंदाबाई म्हन."

"कोनाची मंदाबाई?"

"माही."

त्यानं पुकारलं. मंदाबाईकडून. आणि मग बाया उठायला लागल्या. एक, दुसरी, मग रांगच. सुलोचनाबाईकडून. रत्नमालाकडून. आनंदाबाईकडून. काही जणी नुसतं नाव ऐकून वळत होत्या आणि जागेवर जाताना पदराला चेहरा पुसत होत्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. आई कधी उठली मला कळलंच नाही.

"विमलाबाईकडून," माइक म्हणाला.

बाबांनी मान वळवून बघितलं. मी रांगेकडे पाहिलं. ही रांग. ह्या रांगेतली एकेक बाई. कादंबरी माझ्यासमोर उभी होती, हातात दहाच्या नोटा घेऊन, आणि मी पुण्यात शोधत होते.

मी उठले. पाहुण्याला म्हटलं, "माफ करा. मले वेळ नाही, लग्नाआधीही नाही आन् नंतरही नाही." आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

"कोनाच्या नावानं?" आता माइकवाला शिकला होता.

"कोंढ्याची तृप्ती. बक्षीस धनराजले. आन् कारन पन सांगा."

"कारन?"

"मले तो आवडते."

त्यानं माइकवर हात ठेवला, पण उशिरा. शामियानाभर ऐकू गेलं. लुगड्यातला धनराज माझ्याकडे बघत राहिला. एरवी बोलायला कधी न अडखळणारी त्याची बाई मुकी झाली. आणि मग त्यानं काय करावं? नव्या नवरीसारखा पदर ओढला तोंडावर. गाव हसून हसून आडवं झालं. मीही.

घरी मात्र हसणं नव्हतं.

"ढिवराचा पोट्टा," बाबा म्हणाले. "मासोळ्या मारते. लुगडं नेसते. तुले हाच भेटला?"

"बाबा, छप्पन सालच्या दीक्षेपासून ह्या घरात कोनाची जात काढत नाही म्हनता तुमी. आज काहून काढली?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

खांबावरून खाली उतरायला बाबांना वेळ लागतो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोराले मायचं दुखनं समजते. मले तर चांगला वाटला." आणि मग, भाकरी उलटून, "मी मत सांगून राहिली. विचारलं नाही कोनी, तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसले. अनन्याला पुण्यातच राहू दिलं. लिहिलं ते नाव नसलेल्या बाईचं, चिखलाचं, रोवण्याचं, आईच्या तोंडच्या भाषेत. नुसते संवाद नाहीत. जिथं वाटलं तिथं सगळंच. शिबिरातले सर अधूनमधून चष्मा पुसत डोक्यात यायचे. मी त्यांना रोवण्याला पाठवायचे. धान निघालं, थंडी आली, पानं वाढत गेली. एका संध्याकाळी बाबांनी काही न बोलता टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. "लोकायच्या अर्जावर लिवू नको," एवढंच म्हणाले आणि गेले.

धनराज यायचा. मासोळी आणायचा, आईशी गप्पा मारायचा, पानं वाचायचा, भांडायचा. "हा मानूस लय गोड बोलते, असा नसते कोनी." कापायला लावायचा, मी कापायचे. कधी मी नाही कापायचे. पण मंडईला मी माइकवर जे बोलले, त्याचं उत्तर त्यानं दिलंच नाही. गावाला ठाऊक, तळ्यातल्या मासोळ्यांना ठाऊक. त्याच्या तोंडून मात्र... "तृप्ती, ते... म्हन्जे..." आणि मग मासोळीचा भाव.

चैत्रात कादंबरी संपली. संपली, हा शब्द मी मोठ्यानं म्हणून पाहिला. अंगणात, एकटीनं. आणि गठ्ठा उचलून सरळ टोल्यावर गेले.

यशोदाबाईच्या ओसरीत मोहफुलं वाळत पडली होती, साऱ्या घराला त्यांचा जड गोड वास. सात-आठ बाया फुलं निवडत होत्या. श्यामलालकाका कोपऱ्यात जाळं विणत होते.

"वाच," मी धनराजला म्हटलं. "सगळ्यायले ऐकू दे. शेवटचं प्रकरन."

तो वाचायला लागला. छान वाचतो तो. बाया निवडता निवडता थांबल्या. मंदाबाई मधेच म्हणाली, "हे माह्याच घरचं हाय." दुसरी म्हणाली, "नाही व, माह्या." मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझी कादंबरी. कुणीही भाषा सुधारायला सांगत नव्हतं.

मग तो त्या जागी आला. शेवटून दुसरं पान. नायक तळ्याच्या पाळीवर नायिकेला म्हणतो, की... धनराज थांबला. पुढची ओळ डोळ्यांनी वाचली. कान लाल झाले.

"हे मी कधी म्हनलो?"

"नाही म्हनला," मी म्हटलं. "म्हनून तर मले लिवा लागलं."

"पन हे... सगळ्यायसमोर..."

"मी तर माइकवर म्हनलं."

बाया एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. श्यामलालकाकांनी जाळं बाजूला ठेवलं. धनराजनं कागद खाली ठेवला. ना लुगडं, ना नथ, ना पदर. लपायला काहीच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर होतं त्यातलं काहीच बोलला नाही, स्वतःचं बोलला.

"तृप्ती, मले तुह्यासंगच राहाचं हाय. तू लिवशीन तवा मी चूल पाहीन. मले त्या बसमध्येच समजलं होतं. पानी मी मुद्दाम नव्हतं सांडलं, पन... बरं झालं सांडलं."

मला तर काही सुचेचना, आणि मी लेखिका. मी नुसती मान हलवली. ह्या वेळी मनापासून.

यशोदाबाईनं मोहाचं फूल सुपात टाकलं, डोळे पुसले आणि लेकाकडे वळली.

"झालं ना तुहं? वाच आता पुढचं. त्या बाईचं काय झालं ते राहिलं."